हाताला गुण नाही म्हणणाऱ्यांनी घरी झाडं कशी लावावीत

आमच्याकडं म्हणतात, अमकीच्या हाताला गुण आहे, तिनं वाळकी काडी रोवली तरी फुटते. माझ्या हाताला तो नव्हता. बेळगावच्या वडगावातल्या या घरात आल्यावर पहिल्या दोन वर्षांत मी तीन तुळशी मारल्या, एक गुलाब मारला, आणि मरत नाही म्हणून दिलेली कोरफडसुद्धा कुजवली. सासूबाई काही बोलायच्या नाहीत, नुसत्या रिकाम्या वृंदावनाकडं बघायच्या. ते जास्त लागायचं.

आता गच्चीवर तेवीस कुंड्या आहेत. हात तोच आहे. सकाळी चहाचा कप घेऊन दहा मिनिटं झाडांपाशी उभं राहायची सवय तेवढी लागली. शेजारी विणकरांच्या मागांचा खडखडाट दिवसभर चालतो, घरात कुणाचं ना कुणाचं काहीतरी बिनसलेलं असतं. त्यात ही दहा मिनिटं कुणी मागत नाही. ज्यांना झाडांपेक्षा या दहा मिनिटांची जास्त गरज आहे, त्यांच्यासाठी हे लिहिते आहे. क्रम मी चुकले तो नव्हे, चुकून शिकले तो.

पहिली पायरी: झाड आणायच्या आधी जागा हुडका

एका सुट्टीच्या दिवशी सकाळी आठ, दुपारी बारा आणि चार वाजता कट्टा, गच्ची, परस आणि खिडकी बघा. ऊन कुठं, किती वेळ पडतं ते लिहून ठेवा. मोगरा आणि गुलाबाला पाच-सहा तास ऊन लागतं. मेथीला चार तास चालतात. अबोली थोड्या सावलीतही निभावते, मनीप्लांटला कडक ऊन नकोच.

आता दुसरा प्रश्न, आणि तो जास्त महत्त्वाचा: तुमचा पाय तिथं रोज आपणहून पडतो का? टाकीजवळच्या कोपऱ्यात उत्तम ऊन असेल, पण तिथं तुम्ही महिन्यातून एकदा जात असाल तर झाड मरणार. माझी पहिली जगलेली कुंडी जिन्याच्या चौथ्या पायरीवर होती, कारण कपडे वाळत घालायला मी तिथूनच जायचे.

आणि पावसाचा विचार करा. बेळगाव-खानापुरात जुलैत झड लागली की आठ-आठ दिवस ऊन दिसत नाही; कणकुंबी-जांबोटीकडं तर विचारूच नका. नवीन गुलाब त्या दिवसांत आणू नये. निपाणी-चिकोडीकडं पाऊस कमी, तिथं ही भीती तेवढी नाही.

दुसरी पायरी: माती

बेळगाव-खानापूरची तांबडी माती भिजली की छान दिसते, वाळली की विटेसारखी होते. निपाणीकडची काळी माती उलट पाणी धरून बसते आणि मुळं कुजवते. दोन्हीला उपाय एकच, मोकळेपणा. दोन भाग माती, एक भाग चांगलं कुजलेलं शेणखत आणि एक भाग जाड वाळू किंवा भाताचं तूस. काळी माती असेल तर तूस थोडं जास्त घाला. आपला भाग भाताचा. ओळखीच्या गिरणीत विचारलंत तर तूस मिळून जातं. ताजं शेण मात्र घालू नका, त्याच्या उष्णतेनं मुळं जळतात.

कुंडी खानापूरची मातीची घेतली तर उत्तम. तिच्या अंगातून पाणी उडतं, त्यामुळं जास्त पाणी घालणाऱ्याला ती सांभाळून घेते. नाहीतर रंगाचा डबा चालतो. पण तळाला तीन-चार भोकं हवीतच. माझ्या तीन तुळशींचं कोडं इथं सुटलं: आमच्या वृंदावनाला खाली भोकच नव्हतं. रोज तांब्याभर पाणी, वरून श्रावणाचा पाऊस, आणि पाण्याला बाहेर पडायला वाट नाही. तुळस भक्तीनं बुडत होती. आता ती भोकाच्या कुंडीत आहे आणि ती कुंडी वृंदावनात ठेवली आहे. पावसाळ्यात मी तिला पळीभरच पाणी वाहते, देवाची काही तक्रार आलेली नाही. मंजिऱ्या धरल्या की त्या खुडते, म्हणजे ती जास्त दिवस टिकते.

तिसरी पायरी: पहिलं पीक मेथीचं

सुरुवात नर्सरीतल्या फुललेल्या गुलाबानं करू नका. तो तिथं लाडात वाढलेला असतो, घरी आल्यावर रुसतो, आणि आपण आधीच हळवे असलो तर ते मनाला लावून घेतो. सुरुवात डब्यातल्या मेथ्यांनी करा.

मूठभर मेथ्या रात्री भिजत घाला. चार बोटं उंचीच्या पसरट डब्यात माती भरून वर त्या दाटीनं पसरा, मातीचा पातळ थर द्या, हातानं पाणी शिंपडा. तिसऱ्या-चौथ्या दिवशी माती उचलली गेलेली दिसते. त्या सकाळी मी गच्चीवरून घरच्यांना हाका मारल्या होत्या, जसं काही नातवंडच झालंय. तीन आठवड्यांत एका वेळची भाजी होते. बेळगावची भाजी गाड्या भरभरून गोव्याला जाते, आपल्याला मेथीचं काय अप्रूप, असं आमचे हे म्हणाले. खाल्ली मात्र त्यांनीच जास्त.

मन खचलेलं असताना लवकर काहीतरी उगवलेलं दिसणं फार कामाचं असतं, म्हणून मेथी. मग कोथिंबीर. धणे लाटण्यानं दोन फाकी होतील एवढेच रगडायचे, आणि आठ-दहा दिवस वाट बघायची. कधी जास्तही.

चौथी पायरी: एक झाड मागून आणा

विकत आणू नका, मागा. समोर शिरसीकडच्या अक्का राहतात. आमची बोलणी भाजीवाल्यापुरतीच. माझं कन्नड मोडकं, त्यांचं मराठी त्याहून मोडकं. एकदा त्यांच्या कठड्यावरच्या जाड, केसाळ पानांकडं बोट दाखवून मी म्हटलं, ‘पानओवा?’ त्या म्हणाल्या, ‘दोड्डपत्रे!’ आणि वीतभर फांदी मोडून हातात दिली. दुसऱ्या दिवशी त्याच पानांची ताकातली तंबुळीही आली. ती फांदी मी खालची पानं काढून ओल्या मातीत खोचली, सावलीत ठेवली, पंधरा दिवसांत मुळं धरली. इतक्या सहज लागणारं झाड दुसरं नाही, म्हणून मागायला आणि द्यायला हेच उत्तम.

घरात लहान मुलं असतील तर अबोली मागा. कन्नडमध्ये कनकांबर म्हटलं की लगेच कळतं. तिचा वाळलेला तुरा पाण्यात बुडवून जमिनीवर ठेवा आणि थांबा. तट्‌! बी उडून हातभर लांब पडतं. नावाची अबोली. माझी भाची एका दुपारी सोळा तुरे उडवून बसली होती, मोबाइल कुठं ठेवला हेही तिला आठवत नव्हतं.

पाचवी पायरी: पाणी, म्हणजे हात आवरणं

घरातली बहुतेक झाडं तहानेनं मरत नाहीत, मायेनं मरतात. बोट दुसऱ्या पेरापर्यंत मातीत घाला. ओल लागली तर परत फिरा. पावसाळ्यात उघड्यावरच्या कुंड्यांना पाणी बंद. एप्रिल-मेमध्ये संध्याकाळी, आणि मातीवर वाळलेला पाला किंवा नारळाच्या शेंड्या पसरून. आमच्याकडं नळाला रोज पाणी येत नाही, म्हणून तांदूळ-डाळ धुतलेलं पाणी एका बादलीत साठतं आणि त्याच दिवशी संपतं.

तापलेल्या कुंडीवर संध्याकाळी पाणी घातलं की वळवाच्या पहिल्या सरीसारखा वास येतो. तो वास बराचसा मातीतल्या जिवाणूंमुळं येतो; ऑस्ट्रेलियातल्या दोघा शास्त्रज्ञांनी 1964 मध्ये त्याला ‘पेट्रिकोर’ असं नाव दिलं. पाणी घातल्यावर लगेच पळू नका. तो वास हीच त्या कामाची मजुरी.

सहावी पायरी: दहा मिनिटं नुसतं बघा

फोन खाली ठेवून या. एका झाडाचं एक पान उलटून बघा: मावा, म्हणजे बारीक कीड, आहे का, अंडी आहेत का. नवीन फुटवा कुठं आला? काल मिटलेली कळी आज किती उघडली? मी कालनिर्णयाच्या चौकोनात लिहिते, दूध आणि गॅसच्या नोंदींशेजारी: ‘मोगरा, पहिली कळी.’ मोगऱ्याची छाटणी फेब्रुवारीच्या आत करायची असते. मागच्या वर्षीची नोंद नसती तर मी विसरलेच असते.

याचा खरंच उपयोग होतो का, असं कुणी विचारलं तर नेदरलँड्समधला 2011 चा एक प्रयोग सांगण्यासारखा आहे. बागकाम करणाऱ्या 30 जणांना आधी ताण येईल असं काम दिलं, मग निम्म्यांना अर्धा तास बागेत आणि निम्म्यांना घरात वाचत बसवलं. कॉर्टिसॉल, म्हणजे ताणाचं संप्रेरक, दोन्हीकडं उतरलं. बागेतल्यांचं जास्त उतरलं आणि त्यांचा मूडही पूर्ववत झाला. माणसं फक्त तीस, तीही बागेची हौस असलेली. म्हणून मी याचा डंका पिटणार नाही. पण अर्धा तास मातीत हात घालायला एवढं कारण पुरे.

उलट, झाडांमुळं घरातली हवा शुद्ध होते हे व्हॉट्सअॅपवरचं ऐकू नका. ‘नासा’चा 1989 चा प्रयोग लहानशा बंद पेटीतला होता. आपल्या घरात तेवढा परिणाम हवा असेल तर प्रत्येक चौरस मीटरला निदान दहा झाडं लागतील, असं 2019 च्या एका आढाव्यात निघालं. मग आपण बसायचं कुठं?

सातवी पायरी: घरातल्या म्हाताऱ्या माणसाला एक कुंडी द्या, आणि तिला हात लावू नका

अमेरिकेतल्या एका वृद्धाश्रमात 1976 च्या सुमारास एका मजल्यावरच्या लोकांना सांगितलं गेलं की झाड तुम्ही निवडा, सांभाळायचंही तुम्हीच. इतर लहानसहान निर्णयही त्यांच्यावर सोपवले. दुसऱ्या मजल्यावर झाडं दिली, पण पाणी कर्मचारी घालत. तीन आठवड्यांनी पहिले लोक जास्त तरतरीत आणि आनंदी दिसले. सासूबाईंना मी शेवंती दिली. त्या तिला गरजेपेक्षा जास्त पाणी घालतात. मी बघते, आणि गप्प बसते. अवघड आहे.

झाड मेलं तर

मरतं. तुळस वाळली की घरावर काहीतरी येणार, असं मनात आणू नका. आधी भोक तपासा. तिचं आयुष्यही दोन-तीन वर्षांचंच असतं. मेलेल्या झाडाचे तुकडे करून पुढच्या कुंडीच्या तळाशी घाला, रोग असेल तर मात्र फेकून द्या. पण झाडांकडंही जावंसं वाटत नाही, झोप-जेवण सुटलंय, आणि असं दोन आठवड्यांहून जास्त चाललं असेल, तर ते कुंडीचं काम नव्हे. डॉक्टरांकडं जा, किंवा टेली मानस या सरकारी मदतसेवेच्या 14416 या मोफत क्रमांकावर बोला. धारवाडला डिमहान्स ही मानसिक आरोग्याची सरकारी संस्थाही आहे.

शेवटची पायरी: रात्रीचं फूल

वर्ष निभावलंत की ब्रह्मकमळाचं एक पान मागा. आपल्याकडं ज्याला ब्रह्मकमळ म्हणतात ते मेक्सिकोकडचं निवडुंग आहे, हिमालयातलं खरं ब्रह्मकमळ वेगळं. तोडलेलं पान दोन-तीन दिवस सावलीत सुकू द्या, मग दोन बोटं मातीत उभं खोचा. कडक ऊन नको, फार मोठी कुंडीही नको. मुळं थोडी दाटली की फुलायला राजी होतं. दोन-तीन वर्षं लागतात. पावसाळ्यात लोंबणारी कळी एका संध्याकाळी मान वर करते आणि फुगते. मग समजायचं, आज रात्री. दहाच्या सुमाराला उघडतं, सकाळी मान टाकलेली असते.

आमच्याकडं पहिलं फूल आलं तेव्हा मी गल्लीतल्या सगळ्यांना बोलावलं होतं. पोरं जिन्यावर, बाया कट्ट्यावर, कुणीतरी कुंदा घेऊन आलं. अक्का सगळ्यांत शेवटी उठल्या आणि जाताना एक पान मागून घेऊन गेल्या. यंदा त्यांच्याकडं सात कळ्या आल्यात. माझ्याकडं एकही नाही. त्या म्हणतात, तू कुंडी फार मोठी केलीस.