नळयोजनेच्या कामाला लागताय? आधी टोकाचं घर बघून या

मागच्या महिन्यात आमच्या साइटवर एक नवीन पोरगा जॉइन झाला, नुकताच सिव्हिल करून आलेला. पहिल्याच दिवशी विचारतो, सर पाइपचा डाया (व्यास) कसा काढायचा. म्हटलं डाया नंतर काढू, आधी गावात सगळ्यात वर, सगळ्यात शेवटी जे घर आहे तिथं जाऊन ये आणि नळाला पाणी किती वाजता येतं ते विचारून ये. त्याला वाटलं मी रॅगिंग करतोय.

तर हे नवीन लोकांसाठी लिहितोय. मी स्वतः अमरावती-अकोल्याकडच्या गावांत नळयोजनांवर सात वर्षं काढली, मधे एका शहरात सांडपाण्याच्या प्लांटवर सहा महिने.

कागदावर हिशोब सोपा असतो. जलजीवन मिशन २०१९ ला आलं तेव्हापासून माणशी रोज ५५ लिटर धरतात. गाव दोन हजार वस्तीचं असेल तर १ लाख १० हजार लिटर, त्यावर १५ टक्के गळती धरा, म्हणजे साधारण सव्वा लाख. थ्री फेज लाइट आठ तास मिळते असं धरलं (धरलं म्हणतोय, मिळते असं नाही) तर मोटरने तासाला सोळा हजार लिटरच्या आसपास उचललं पाहिजे. हे तुम्हाला कॉलेजात येऊन गेलंय. खरी गंमत टाकीच्या खाली सुरू होते.

माझ्या पहिल्या योजनेची ट्रायल होती. टाकी भरली, वॉल उघडला, खालच्या वस्तीत धो धो पाणी, बाया खूश, सरपंचांनी पेढे आणलेले, आणि वरच्या वस्तीत नळातून नुसता फुस्स आवाज. मी तीन दिवस लॅपटॉप घेऊन बसलो, हेडलॉस (पाइपात घासून कमी होणारं प्रेशर) परत काढला, जमिनीच्या लेव्हल परत टाकल्या, दहा मीटर पाणी म्हणजे एक किलो प्रेशर, सगळं बरोबर येत होतं, टोकाला सात मीटर प्रेशर शिल्लक राहायलाच पाहिजे होतं. चौथ्या दिवशी गावातले पाणी सोडणारे काका म्हणाले, "कम्प्यूटरले काय इचारता साहेब, पायपाले इचारा." त्यांनी मला नाल्यापाशी नेलं, पाइप उघडा करून नट आवळायच्या पान्याचं एक टोक त्यावर टेकवलं आणि दुसरं कानाला लावलं. मग मला ऐकायला लावलं. आत गुडगुड चालली होती. नाल्याच्या काठाला जमिनीचा छोटासा उंचवटा होता, आणि मी सर्व्हेत शंभर-शंभर मीटरवर लेव्हल घेतल्या होत्या, तो उंचवटा बरोब्बर दोन पॉइंटच्या मधे सापडला होता. त्यामुळे ड्रॉइंगमध्ये तिथं एअर वॉल (अडकलेली हवा बाहेर सोडणारा व्हॉल्व्ह) नव्हताच. हवा वर अडकून बसली, पाण्याला जायला वाट नाही. चूक माझीच, पाइपवाल्याची नाही की ठेकेदाराची नाही. तिथं भोक पाडलं तर पाचेक मिनिटं नुसती शिट्टी वाजली, मग थुंकत थुंकत पाणी आलं, दुधासारखं पांढरं. लोक घाबरले, काय कालवलं म्हणून. ग्लासात धरलं तर खालून वर निवळत गेलं, म्हणजे हवाच होती. (गढूळ असेल तर उलटं होतं, गाळ खाली बसतो. हे लक्षात ठेवा, गावात दहादा समजावून सांगावं लागतं.)

तेव्हापासून मी लाइनच्या कडेकडेने पायी चालल्याशिवाय ड्रॉइंगवर सही करत नाही. उन्हाळ्यात तर नक्की चाला, आपली काळी माती एवढी फाटते की पाइपखाली मुरूम किंवा वाळू नसेल तर जॉइंट ओढला जातो. आणि चालताना दारामागे लपवलेला टिल्लू पंपही (नळाला जोडून पाणी ओढणारी छोटी मोटर) दिसतो, खालच्या गल्लीत तसे चार चालू झाले की वरच्या घराची बोंब. ते भांडण तुम्ही सोडवायला जाऊ नका, ते ग्रामपंचायतीचं काम, तुम्ही फक्त कुठे किती प्रेशर आहे ते गेज लावून लिहून द्या.

टीसीएल पावडरचंही (पाणी शुद्ध करायची ब्लीचिंग पावडर) तसंच, कागदावर हिशोब सोपा. साठ हजार लिटरच्या टाकीला लिटरला दोन मिलिग्रॅम क्लोरीन द्यायचं तर १२० ग्रॅम लागतं, पावडरीत तेहतीस टक्के धरलं तर साडेतीनशे ग्रॅमच्या वर पावडर. पण पोतं पावसाळाभर उघडं पडलेलं असेल तर त्यात तेहतीस टक्के कुठले राहिले. म्हणून टेस्ट टाकीवर नाही, टोकाच्या नळावर करायची. ओटीचे (क्लोरीन तपासायच्या द्रावणाचे) थेंब टाकून पिवळा रंग आला पाहिजे, लिटरला ०.२ मिलिग्रॅम तरी दाखवलं पाहिजे. टाकीवर टेस्ट करून रजिस्टर भरणारे खूप आहेत, मीही सुरुवातीला भरलंय.

पाणी कुठून आणता हे जिल्ह्यावर आहे. पूर्णेच्या काठच्या खारपाणपट्ट्यात बोर मारून फायदा नाही, खारं लागतं, म्हणून तिकडं वान धरणावरच्या ८४ खेडी योजनेसारखी लांबून पाणी आणायची कामं. यवतमाळकडे काही भागात पाणी गोड लागतं पण फ्लोराइड निघतं, लिटरला दीड मिलिग्रॅमच्या वर गेलं की ते पिण्याचं पाणी नाही. गावात सांगतात उकळून पितो. उकळून फ्लोराइड जात नाही, पाणी आटतं आणि उलट वाढतं.

आता सांडपाणी, याकडं नवीन पोरं बघतच नाहीत. सव्वा लाख लिटर गावात सोडलं की ऐंशी टक्के तरी नालीत येणार. आधी हापशीवरून दोन हंडे आणणारं घर आता अंगणात बादल्या ओततं, आठ दिवसांत गल्लीत चिखल. शोषखड्डा मुरमाड जागेत छान चालतो, काळ्या मातीत ओली झाली की माती फुगते आणि पाणी मुरतच नाही, महिनाभरात खड्ड्याचं डबकं. अंदाजपत्रकात सगळीकडे एकच डिझाइन टाकलेलं दिसलं तर आधी खड्डा खणून, पाणी ओतून, किती वेळात उतरतं ते घड्याळ लावून बघा.

शहरातल्या एसटीपीवर (सांडपाणी शुद्ध करायच्या प्लांटवर) काम मिळालं तर नाक मुरडू नका. नागपूरचं शुद्ध केलेलं सांडपाणी कोराडीच्या वीज केंद्राला जातं, म्हणजे हे काम किती मोठं आहे बघा. मला माझ्या सहा महिन्यांच्या प्लांटवर एका लिटरच्या नळकांड्याने शिकवलं. एरेशन टँकमधलं (सांडपाण्यात हवा सोडतात त्या टाकीतलं) तपकिरी पाणी त्यात भरायचं आणि अर्धा तास हात लावायचा नाही. गाळ अडीचशे-तीनशे मिलिलिटरवर बसला आणि वर पाणी स्वच्छ दिसलं तर प्लांट ठीक. सातशेवरच लोंबकळत राहिला तर लॅबचा रिपोर्ट यायच्या आधी समजायचं काहीतरी बिघडलंय.

आणि मॅनहोलमध्ये उतरायचं नाही. कुणी साहेब म्हणाला तरी नाही. सडक्या अंड्याचा वास आधी येतो आणि गॅस जास्त झाला की येईनासा होतो, कारण नाकच मरतं. वास गेला म्हणजे गॅस गेला असं समजून माणसं उतरतात.

पगाराचं विचाराल तर ठेकेदाराकडे सुरुवातीला कमीच, आणि बिल अडकलं की तोही अडकतो, माझा एकदा चार महिने अडकला होता, खोलीचं भाडं मामाकडून घेऊन भरलं. जलजीवनची मुदत २०२८ पर्यंत वाढली आहे, त्यामुळे साइट मिळतील. पण सोबत जेईच्या (ज्युनिअर इंजिनिअर) परीक्षेचा अभ्यास चालू ठेवा, जिल्हा परिषद आणि जीवन प्राधिकरण दोन्हीकडची भरती बघत राहा. आणि मुलाखतीत एअर वॉल कुठे बसवतात विचारलं तर पुस्तकातलं उत्तर द्या, पान्याची गोष्ट सांगू नका, मी एकदा सांगितली होती, समोरचे तिघंही हसले आणि पुढचा प्रश्न विचारला.