नवतप्यासाठी निंबू शरबत आणि फुलांचा बर्फ

नवतपा म्हणजे मे अखेरीस सुरू होणारे कडक उन्हाचे नऊ दिवस. नागपुरात मे महिन्यात बर्फ ग्लासात टाकला की बघता बघता पाणी होतो, आणि मग शरबत फिकं लागतं, साखर कमी झाली म्हणून वरून अजून साखर टाकतात. माझं म्हणणं असं की बर्फ वितळणारच आहे तर त्या वितळणाऱ्या पाण्यातही चव असली पाहिजे. म्हणून आधी बर्फाची तयारी करा, शरबत मागून, ते तर दहा मिनिटाचं काम आहे.

साधा बर्फ आधी सांगते. पाणी उकळून, थंड करून मगच ट्रेत भरायचं, पाण्यात विरघळलेली हवा निघून जाते आणि बर्फ कमी पांढुरका होतो, आतलं फूल दिसतं. एकदम काचेसारखा होणार नाही पण फरक नक्की पडतो. उकळलेलं पाणी गार झालं की त्यात वाळ्याची धुतलेली जुडी रात्रभर ठेवून सकाळी गाळून घेतलं तर काय सुगंध येतो म्हणून सांगू, कूलरच्या ताट्यातला जुना वाळा मात्र चुकूनही नाही, माठात टाकायचा वेगळा मिळतो तो आणा.

आता फुलं. ट्रे पूर्ण भरून वरून पाकळी टाकली की ती तरंगते आणि अर्धी बाहेर राहते, म्हणून आधी अर्धाच भरा, जमू द्या, मग पाकळी ठेवा, चमचाभर पाणी टाकून ती चिकटू द्या आणि त्यानंतर वरपर्यंत भरा. वेळ लागतो पण आदल्या दिवशी केलं तर त्रास नाही. देशी गुलाबाच्या पाकळ्या, डाळिंबाचे दाणे, पुदिना हे सगळं चालतं. पुदिन्याचं पान बर्फात काळं पडतं, तर ते आधी गरम पाण्यात दोनचार सेकंद बुडवून लगेच थंड पाण्यात टाकायचं, हिरवं राहतं.

सगळ्यात सुंदर होतो तो गोकर्णाचा. निळ्या गोकर्णाचा वेल कितीतरी घरी कंपाउंडवर असतो आणि फुलं देवाला वाहिली की बाकीची तशीच सुकतात. आठदहा फुलं घ्या, देठाजवळचा हिरवा भाग काढा, कपभर गरम पाण्यात दहा मिनिट ठेवा, गडद निळं पाणी होतं, ते गाळून थंड करून ट्रेत. हा निळा बर्फ शरबतात वितळायला लागला की जांभळ्या रेघा उतरतात, कारण फुलातला रंग आंबट लागला की निळ्याचा जांभळा होतो. यात निंबू आधी पिळू नका बरं, नाहीतर ट्रेतच जांभळा होऊन बसेल. या रंगाला स्वतःची चव जवळपास नसते, म्हणून त्या पाण्यात थोडी साखर आणि वेलची टाका, मग शरबत फिकं पडत नाही.

एक गोष्ट मात्र फार लक्षात ठेवा. रस्त्याच्या दुभाजकावर गुलाबी कन्हेर फुललेली असते, दिसायला छान, पण विषारी आहे, सदाफुलीही नाही घ्यायची. हारवाल्याकडची फुलंसुद्धा नको, फवारणी केलेली असते. घरच्या कुंडीतलं, खायचं म्हणून माहीत असलेलं फूल तेवढंच, आणि लहान मुलांच्या ग्लासात अख्खं फूल किंवा मोठा तुकडा नको, पाकळीचे बारीक तुकडे टाका.

संत्र्याचा बर्फ करायचा असेल तर मृग बहाराचा, म्हणजे पावसाळ्याच्या सुरुवातीला फुललेल्या झाडांचा, माल बाजारात असतो तेव्हाच, फेब्रुवारी-मार्चमधे करून ठेवा, मे मधे ती गोडी कुठून मिळणार. बिया आणि पांढऱ्या शिरा काढून हातानेच रस काढा, मिक्सर नको, आणि लगेच गोठवा, कारण आपल्या संत्र्याचा रस नुसता ठेवला की कडवट होतो.

आता शरबत. सहा ग्लासला एक वाटी साखर, एक वाटी पाणी, साखर विरघळेपर्यंतच गरम करायचं, तार नको. थंड पाण्यात साखर लवकर विरघळत नाही आणि खाली बसते, म्हणून हा पाक. पूर्ण थंड झाला की मगच सहा रसदार कागदी निंबांचा रस टाका, गरम पाकात टाकला की ताजेपणा जातो. निंबू हाताखाली दाबून फिरवून घ्या, रस मोकळा होतो, पण साल रगडून शेवटचा थेंब काढू नका, तोच कडू असतो, बियाही गाळा. भांडं स्टीलचं किंवा काचेचं, पितळ-ॲल्युमिनियम नको. चिमूटभर काळं मीठ, भाजलेल्या जिऱ्याची पूड, आणि माठाचं पाणी. बर्फ वितळणार हे धरून थोडं दाटच ठेवा. भिजवलेला सब्जा आवडत असेल तर घाला, मला तरी गोकर्णासोबत नको वाटतो, रंगाच्या रेघा दिसत नाहीत.

पाक-निंबू एकत्र करून फ्रिजमधे चारपाच दिवस राहतं. बर्फ जमला की ट्रेतून काढून झिपच्या पिशवीत भरा, उघडा ठेवला तर फ्रीजरमधल्या सगळ्या वस्तूंचा वास लागतो, आणि लाइट बराच वेळ गेली तर एकमेकांना चिकटून गोळा होतो, म्हणून थोडे थोडे वेगळ्या पिशवीत.