संकरित मक्याची पैदास : देखण्या झाडाला भुलू नका, आणि या चुकाही टाळा

कणीस भरदार, खोड ताठ, पानं शेवटपर्यंत हिरवी. असा इनब्रेड वाण (पिढ्यान्‌पिढ्या स्वतःच्याच परागावर वाढवलेला) प्लॉटमध्ये उठून दिसला की निवडीची खूण आपसूक त्याच्यावर पडते. पैदाशीतली सगळ्यात महागडी चूक हीच. सहा-सात पिढ्या स्वपरागीकरण केलेला वाण स्वतः किती पिकतो, यावरून त्याचा संकर किती पिकेल याचा फारसा अंदाज येत नाही. तिथे किरकोळ दिसणारा वाण योग्य जोडीदार मिळाला की सरस ठरू शकतो. म्हणून सातव्या पिढीची वाट न पाहता तिसऱ्या-चौथ्या पिढीतच टेस्टरशी, म्हणजे पारख करण्यासाठी ठरवलेल्या जोडीदार वाणाशी, संकर करून संततीचं उत्पन्न मोजा.

टेस्टर मात्र दुसऱ्या गटातला हवा. बी-७३ आणि एमओ-१७ या अमेरिकी इनब्रेड वाणांची गाजलेली जोडी जमली ती दोघांची घराणी वेगळी असल्यामुळे : पहिला आयोवा स्टिफ स्टॉक सिंथेटिकमधला, दुसरा लँकेस्टर गटातला. एकाच घराण्यातले दोन चांगले वाण एकत्र आणले तर संकराचा जोम तोकडाच राहतो. अर्थात मादी अगदीच कमजोर घेऊन चालत नाही, कारण संकराचं बियाणं तिच्याच कणसावर तयार होतं. नराचा तुरा भरपूर पराग देणारा हवा.

आता हाताने परागीकरण. इथे घाई करणाऱ्याची मेहनत फुकट जाते. कोवळं कणीस पानाच्या बगलेतून डोकावलं की केस दिसण्याआधीच त्यावर पिशवी घाला. एक केस म्हणजे एक दाणा. थोडेसुद्धा केस उघड्यावर आले असतील तर ते कणीस सोडून द्या, मन घट्ट करून. आदल्या दिवशी कणसाचं टोक छाटलं की सकाळपर्यंत केस ब्रशसारखे एकसारखे वाढतात. तुऱ्यालाही आदल्या संध्याकाळीच पिशवी बांधा, म्हणजे त्यावर पडलेला परका पराग रात्रीत मरतो. सकाळी दव वाळल्यावर, साधारण ९ ते ११ या वेळात पराग टाका. ओला पराग गोळा होतो, आणि पारा ३५ अंशांपलीकडे गेला, त्यात कोरडा वारा असला, की तो टिकत नाही. पराग टाकल्याक्षणी पिशवीवर आधी मादीचं, मग नराचं नाव लिहा. एका हंगामात मी नोंदी संध्याकाळवर ढकलल्या आणि चार ओळींची कणसं टाकून द्यावी लागली. ते आजही सलतं.

कणीस अर्धवट भरलं तर काढणीच्या वेळी ते नीट पाहा. टोकाला दाणा धरलाच नसेल तर तिथपर्यंत पराग पोचलेला नाही; टोकाचे केस सगळ्यात शेवटी बाहेर येतात आणि तोवर नराचा तुरा संपलेला असतो. अशा वेळी नराची पेरणी दोन-तीन टप्प्यांत करा. टोकाला बारीक, सुकलेले दाणे असतील तर गोष्ट वेगळी : दाणा धरला होता, पण पुढे पाणी किंवा अन्न कमी पडलं. पाण्याच्या ताणात केस उशिरा येतात, तुरा मात्र जवळपास वेळेवर येतो. ताणातही ज्या वाणात हे अंतर कमी राहतं, त्याला निवडीत वरचं स्थान द्या.

बीजोत्पादनाच्या प्लॉटला इतर मक्यापासून निदान २०० मीटर अंतर ठेवा, आणि मादीचे तुरे पराग झडण्याआधी रोज फिरून उपटा. एक दिवस चुकला की मादीचं स्वतःचंच बी संकरात मिसळतं. तुऱ्यासोबत पानं तोडू नका, दाणे त्यांच्याच बळावर भरतात. तुरे उपटण्याचा त्रास वाचवायला अमेरिकेत टेक्सास नरवंध्य मादी (जिच्या तुऱ्यात पराग तयार होत नाही) इतकी पसरली की १९७० साली तिलाच बाधणाऱ्या पानांवरच्या करप्याने तिथल्या मक्याचं सुमारे १५ टक्के उत्पन्न गेलं. सगळे संकर एकाच नरवंध्य स्रोतावर उभे करू नका.

शेवटी चाचणी. एकेरी ओळीच्या प्लॉटमध्ये उंच संकर शेजाऱ्याला सावलीत ठेवतो आणि उगाच सरस दिसतो. चार ओळी पेरा, मधल्या दोनच मोजा. प्रत्येक प्लॉटमधली झाडं आणि लोळलेली झाडंही मोजा. दाण्यातला ओलावा न पाहता वजन लिहू नका. एका प्लॉटचे दाणे १० किलो, ओलावा २८ टक्के, दुसऱ्याचे ९.६ किलो, ओलावा २० टक्के. १०० मधून ओलावा वजा करून त्याने वजनाला गुणा आणि ८५ ने भागा, म्हणजे १५ टक्के ओलाव्यावरचं वजन मिळतं : पहिल्याचं ८.४७ किलो, दुसऱ्याचं ९.०४. काट्यावर जिंकलेला पहिला संकर उशिरा तयार होणारा होता, त्याच्या वजनात पाणी जास्त होतं.