प्रिव्ह्यू पेनमध्ये पायथनचा कोड दिसायला लागला

विंडोजच्या फाइल एक्सप्लोररमध्ये आल्ट-पी दाबलं की उजवीकडच्या प्रिव्ह्यू पेनमध्ये (फाइल न उघडता आतला मजकूर दाखवणाऱ्या भागात) साधी टेक्स्ट फाइल दिसायची, पण पायथनची डॉट-पीवाय फाइल निवडली की पेन कोरंच. जुन्या स्क्रिप्टच्या ढिगातून हवी ती शोधायला प्रत्येक फाइल उघडून बघणं फार जिकिरीचं.

उपाय रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या सेटिंग्ज साठवलेल्या जागेत, सापडला. 'एचकी करंट यूजर'मध्ये सॉफ्टवेअर, त्यात क्लासेस, त्याखाली '.पीवाय' (टिंबासकट). तिथे 'पर्सीव्ह्डटाइप' नावाची स्ट्रिंग व्हॅल्यू, मध्ये जागा न सोडता, तयार केली आणि तिच्यात 'टेक्स्ट' लिहिलं. इथे अ‍ॅडमिनचे हक्क लागत नाहीत, शिवाय फाइल ज्या प्रोग्रॅममध्ये उघडते तोही बदलत नाही, हे मला फार आवडलं. एक्सप्लोरर रीस्टार्ट केल्यावर वरच्या इम्पोर्टच्या ओळी थेट पेनमध्ये! रंगीत कोड हवा असेल तर मात्र मायक्रोसॉफ्टचं पॉवरटॉइज हे टूल टाका.