कुत्र्या-मांजराच्या पोटाची सोनोग्राफी : आदल्या रात्रीपासूनची तयारी

सोनोग्राफी नीट होणं बरंचसं आदल्या रात्री घरीच ठरतं. सोनोग्राफी ज्या ध्वनिलहरींवर चालते, त्या हवेतून पुढे जात नाहीत. आतड्यात वायू असला की पडद्यावर पांढरी रेघ आणि तिच्याखाली मळकट सावली दिसते. त्या सावलीमागचं काही कळत नाही, मग मशीन कितीही भारी असो.

म्हणून 8 ते 12 तास पोट रिकामं ठेवा. रात्री आठला शेवटचं जेवण, सकाळी तपासणी. दूध-भाकरीवर वाढलेल्या कुत्र्याला त्या दिवशी दूध अजिबात नको, त्याने वायू धरतो. पाणी मात्र देत राहा. लहान पिल्लू किंवा इन्सुलिनवर असलेलं जनावर असेल, तर किती उपाशी ठेवायचं हे डॉक्टरांनाच विचारा. घरातल्या सगळ्यांना बजावून ठेवा. पहाटे आजीने प्रेमाने दिलेला चपातीचा तुकडाही घात करतो.

खानापूर किंवा निपाणीहून बेळगावला येताना कुत्रं गाडीत धापा टाकतं आणि हवा गिळतं. थोडं लवकर पोचा, सावलीत बसवून श्वास शांत होऊ द्या. पण फिरवू नका. मूत्राशय भरलेलं असलं तरच त्यातले खडे आणि भिंतीची जाडी स्पष्ट दिसते. नर कुत्रा दवाखान्याच्या दारातल्या प्रत्येक चाकावर पाय वर करतो, तेव्हा पट्टा आखूड धरून थेट आत न्या.

आत पोटावरचे केस भादरतात, त्याला नाही म्हणू नका. केसांत अडकलेली हवाही लहरी अडवते. मग गार जेल लावून प्रोब, म्हणजे मशीनचा हातात धरायचा भाग, पोटावर फिरवतात. जनावर उताणं किंवा कुशीवर असतं; धाप लागलेल्याला मात्र उताणं करत नाहीत. मालकाने डोक्याशी उभं राहून हळू आवाजात बोलत राहावं. पोट ताठ झालं की चित्र बिघडतं.

गाभण आहे का हे पाहायचं असेल तर क्रॉस केल्याची तारीख कॅलेंडरवर लिहून ठेवा. 28 ते 30 दिवसांनी या, तेव्हा पिल्लांच्या हृदयाची धडधड दिसते. विसाव्या दिवशी येऊन ‘काहीच नाही’ ऐकलं तर ते खरं धरू नका. पिल्लं किती, हे सोनोग्राफीत नक्की सांगता येत नाही, एकच पिल्लू दोनदा मोजलं जातं. नेमका आकडा हवा असेल तर 55 दिवसांनंतर एक्स-रे काढा.

माज संपून महिना-दोन महिने झालेली मादी खूप पाणी पीत असेल, जेवत नसेल, तर गर्भाशयात पू झाल्याची शंका घ्या. स्राव बाहेर येत नसला तरी. तिथे उपाशी ठेवण्यात रात्र घालवू नका. तसंच बोका वारंवार बसून जोर लावतोय आणि लघवी थेंबभरच होतेय किंवा होतच नाही, तर तो जेवलेला असला तरी त्याच क्षणी उचलून आणा.