कल्चरमध्ये जंतू वाढले, पण रुग्णाला संसर्ग आहे का?

अस्थिरोग विभागातील सत्तरी ओलांडलेल्या एका आजींचे उदाहरण घेऊ. खुब्याच्या शस्त्रक्रियेला आठ दिवस झाले आहेत, लघवीची नळी अजून तशीच आहे, पिशवीतली लघवी गढूळ दिसते म्हणून कुणीतरी नमुना कल्चरला (जंतू वाढवून ओळखण्याच्या तपासणीला) पाठवला आणि दोन दिवसांनी अहवाल आला: ई. कोलाय, प्रति मिलिलिटर १ लाखाहून अधिक, निम्म्या औषधांपुढे ‘आर’ (रेझिस्टंट, म्हणजे त्या औषधाला दाद न देणारा). आजींना ताप नाही, पोटात दुखत नाही, त्या चहा मागत आहेत. अशा वेळी निवासी डॉक्टरांचा हात मेरोपेनेम या प्रबळ प्रतिजैविकाकडे वळतो. तो वळण्यापूर्वी काय पाहावे, हे येथे सांगत आहे.

जंतू त्वचेवर, आतड्यात किंवा नळीच्या आतील भागावर वस्ती करून राहतात, तेथे वाढतात, पण ऊतींना इजा करत नाहीत, तेव्हा त्याला कॉलनायझेशन म्हणतात. इजा झाली आणि शरीराने तिला प्रतिसाद दिला, की तो संसर्ग. प्रयोगशाळेतील प्लेटवर दोन्ही सारखेच दिसतात, त्यामुळे निर्णय खाटेजवळ उभे राहूनच करावा लागतो.

लघवीची नळी घातलेल्या रुग्णांत दररोज सुमारे ३ ते ७ टक्के या गतीने लघवीत जंतू येतात आणि महिनाभर नळी राहिल्यास ते जवळजवळ प्रत्येकात सापडतात. लघवीचा गढूळपणा, वास, इतकेच नव्हे तर पूपेशीसुद्धा (पुवातील पांढऱ्या पेशी) अशा रुग्णात संसर्गाचा पुरावा ठरत नाहीत. थंडी वाजून ताप, कुशीत किंवा ओटीपोटात दुखणे, रक्तदाब घसरणे, यांपैकी काही आहे का आणि त्याला दुसरे कारण नाही ना, हे पाहावे. वृद्ध रुग्ण अचानक असंबद्ध बोलू लागला, पण ताप नाही आणि रक्तदाब ठीक आहे, तर लघवीला दोष देण्यापूर्वी शरीरातील पाणी, सोडियम, बद्धकोष्ठ आणि नव्याने सुरू केलेली औषधे तपासावीत. लक्षणे नसतानाही उपचार करावेत असे दोन महत्त्वाचे अपवाद आहेत: गर्भवती स्त्री, आणि मूत्रमार्गाच्या आतील आवरणाला इजा होईल अशी शस्त्रक्रिया व्हायची असलेला रुग्ण.

नमुना खरोखरच हवा असेल, तर तो पिशवीतून कधीही घेऊ नये. नळीवरील पोर्ट (नमुना घेण्याची जागा) स्पिरिटने पुसून तेथून घ्यावा, आणि नळी दोन आठवड्यांहून जुनी असल्यास ती बदलून नव्या नळीतून घ्यावा. जुन्या नळीच्या आत जंतूंचा थर जमलेला असतो आणि अहवालात तोच उमटतो.

व्हेंटिलेटरवरील रुग्णाच्या श्वासनलिकेतून ॲसिनेटोबॅक्टर किंवा स्यूडोमोनास वाढणे आयसीयूत नित्याचेच असते. एक्स-रेवर नवी किंवा वाढती छाया, पूयुक्त स्राव, ताप किंवा बदललेल्या पांढऱ्या पेशी आणि ऑक्सिजनची वाढलेली गरज ही चिन्हे जुळून आली, तर न्यूमोनिया मानावा. स्मिअरमध्ये (काचेवर पसरून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलेल्या स्रावात) पूपेशीच नसतील, तर वाढलेल्या जंतूचे नाव कितीही भीतिदायक असले तरी थांबावे. श्वासमार्गातील कॅन्डिडा ही बुरशी जवळजवळ नेहमीच कॉलनायझेशन असते. जखमेवरचा स्वॅब तर बहुधा वरवरचीच वस्ती दाखवतो, म्हणून जखम सलाइनने धुऊन आतील ऊतीचा तुकडा पाठवावा.

रक्ताच्या बाबतीत मात्र विचार उलट दिशेने करावा लागतो, कारण रक्तात जंतूंची वस्ती नसते. तेथे प्रश्न असतो तो त्वचेवरचे जंतू सुईबरोबर बाटलीत गेले का, हा. म्हणून प्रतिजैविक देण्यापूर्वी दोन वेगवेगळ्या जागांहून नमुने घ्यावेत. कोॲग्युलेज-निगेटिव्ह स्टॅफिलोकोकस एकाच संचात (एकाच जागेच्या नमुन्यात) आला, तर तो बहुधा त्वचेवरचा. दोन्हींत तोच आला आणि रुग्णाला सेंट्रल लाइन (मोठ्या शिरेत घातलेली नळी) असेल, तर गंभीरपणे घ्यावा. स्टॅफिलोकोकस ऑरियस आणि कॅन्डिडा रक्तात एकदा जरी सापडले, तरी त्यांना दूषित नमुना म्हणून बाजूला सारू नये. ही चूक जिवावर बेतते.

सीआरपी आणि प्रोकॅल्सिटोनिन हे रक्तातील दाहाचे निर्देशक मदतीला घ्यावेत, पण शस्त्रक्रियेनंतर दोन्ही संसर्गाविनाही वाढतात. शंका उरलीच आणि रुग्ण स्थिर असेल, तर एक-दोन दिवस लक्ष ठेवून पुन्हा तपासणे योग्य. रक्तदाब कोसळत असेल, तर वाट न पाहता औषध सुरू करावे आणि अहवाल हाती आल्यावर ते थांबवता येईल का, याचा त्याच दिवशी विचार करावा.

आजींच्या केसपेपरवर ‘लघवीत जंतू, संसर्गाची लक्षणे नाहीत, प्रतिजैविक नको, ताप आल्यास कळवावे’ असे स्पष्ट लिहावे, म्हणजे रात्रपाळीचे डॉक्टर अहवाल पाहून औषध सुरू करणार नाहीत. नळीची गरज संपली असेल, तर ती त्याच सकाळी काढावी. जंतू अनेक औषधांना दाद न देणारा असेल, तर औषध दिले नाही तरी आजींना हात लावण्यापूर्वी आणि नंतर हात स्वच्छ करणे व पिशवी रिकामी करताना हातमोजे घालणे चुकवू नये, कारण आजींना त्रास न देणारा तोच जंतू शेजारच्या खाटेवरील रुग्णाच्या ताज्या जखमेत पोहोचू शकतो.