पिकअपचा डीपीएफ दिवा लागला तर

बीएस-६ डिझेल पिकअपच्या सायलेन्सरच्या नळीत काजळी अडवणारा फिल्टर असतो, तो डीपीएफ. ही काजळी जळायला सुमारे ६०० अंश सेल्सिअस तापमान लागतं. मार्केट यार्डात दिवसभर दोन-तीन किलोमीटरच्या खेपा आणि माल उतरवतानाही इंजिन चालूच, अशाने फिल्टर तापत नाही, काजळी साठते आणि दिवा लागतो.

मग गाडी हायवेला काढा. ५०-६० च्या वेगाने १५-२० मिनिटं सलग चालवा. एक गिअर खालचा ठेवला तर इंजिन २००० आरपीएमच्या आसपास राहतं. दिवा विझेपर्यंत इंजिन बंद करू नका. काजळी जाळण्याचं काम वारंवार अर्धवट तुटलं की त्यासाठी इंजिनाने सोडलेलं जास्तीचं डिझेल ऑइलमध्ये उतरतं. डिपस्टिकवर पातळी वाढलेली दिसली तर ऑइल बदलाच. आणि नळी तापलेली असताना गाडी वाळल्या गवतावर किंवा कडब्यावर उभी करू नका, पेट घेईल.

दिव्याकडे दुर्लक्ष केलं की इंजिनाची ओढ कमी होते. पुढे वर्कशॉपमध्ये मशीन लावूनच फिल्टर साफ करावा लागतो. ऑइल मॅन्युअलमध्ये दिलेल्या ग्रेडचंच, कमी राखेचं घाला. काजळी जळते, ऑइलची राख जळत नाही. ती फिल्टरमध्येच बसून राहते.